लाल दोऱ्याची नोंद

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द म्हणजे निरंक. ज्यांना सरकारी नमुने भरावे लागले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. रकान्यात लिहिण्यासारखं काही नसेल तर तो कोरा सोडायचा नसतो, तिथं निरंक लिहायचं. वणवा, निरंक. चोरटी तोड, निरंक. शब्द छोटा, आणि एकदा लिहिला की पुढं कोणी काही विचारत नाही.

मी वनरक्षक होतो. शिरूर तालुक्यातला भीमेचा एक काठ माझ्याकडं होता. तालुक्याची हद्द नदीच्या मधोमध. पलीकडचा काठ दौंडचा, आणि त्या काठावर माझ्याच वयाचा दुसरा गार्ड. दोन्ही अंगांना तेव्हा पट्टीसारखं रान होतं. करंज, जांभूळ, उंबर, पाण्यात मुळं सोडून उभी असलेली वाळुंजं, खाली झुडपांची दाटी. पूर आला की हे रान आठ-आठ दिवस पाण्यात उभं असायचं, आणि पूर ओसरला की माणसाच्या डोक्यापेक्षा उंच फांद्यांना काडीकचऱ्याच्या झिपऱ्या लोंबत राहायच्या. तिथं ऊस लावता येत नव्हता, म्हणून ते टिकलं होतं.

दरवर्षी जनावरांची गणना व्हायची. नमुन्यात एक ओळ पाणमांजराची असे. नदीत राहणारं, मासे आणि खेकडे खाणारं, तुकतुकीत अंगाचं, जाड शेपटीचं हे जनावर आपल्याकडं फार थोड्या ठिकाणी उरलंय. एका वर्षी गणनेच्या सकाळी मला ती दिसली. वाळूच्या पट्ट्यावर पाच. चार लोळत होती आणि एक उभं राहून माझ्याकडं बघत होतं. मी जागचा हललो नाही. पोटभर पाहिली.

आणि ऑफिसात येऊन निरंक लिहिलं.

पाच लिहिलं असतं तर साहेब विचारणार, फोटो कुठाय? मग पाहणी होणार, पुन्हा आठ दिवस त्या चिखलात उभं राहावं लागणार. त्यातून सुटायची वाट मला दौंडच्या गार्डानं दाखवली. त्यानंही ती पाहिली होती.

"तुझ्याकडची हायेत ती," तो म्हणाला. "माझ्याकडं नुसती उन्हाला येत्यात."

"माझ्याकडं फक्त मासे खायला येतात. बिळं तुझ्या काठाला."

"मंग तू पाच लिही."

"तू लिही."

दोघंही हसलो आणि दोघांनीही निरंक लिहिलं. दोन तालुक्यांत मिळून पाच पाणमांजरं होती आणि कागदावर एकाही तालुक्यात नव्हती. पुढच्या वर्षी मी नदीवर गेलोच नाही. मागचं पान उघडलं आणि समोरच्या पानावर उतरवून काढलं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. यात खात्याचा दोष नव्हता. नमुन्यात खरं लिहायला भरपूर जागा होती.

इथवर ती नुसती आळशी माणसाची गोष्ट राहिली असती. पण नदीवर मासे धरणारा एक माणूस एके दिवशी फाटकं जाळं खांद्यावर टाकून मला शोधत आला. मी गावच्या चहाच्या टपरीवर चार लोकांत बसलो होतो. तो म्हणाला, "साहेब, पाणमांजरं जाळी फाडत्यात. माझं म्हणणं, त्यांना मारू नगा, पण ती हायेत एवढं लिवून तरी घ्या. पोरं सुरुंग लावून मासं मारायला लागल्यात. एखाद दिवशी त्यात मरतील." तो जाळ्याची तक्रार करायला आलाच नव्हता. जनावरासाठी आला होता. हे मला तेव्हाही कळलं होतं.

माझ्या पिशवीत रजिस्टर होतं. मी ते उघडून सगळ्यांसमोर त्याच्या पुढं धरलं. "हे बघ. सलग निरंक. सरकारी कागद खोटा आणि तू खरा का? सकाळी सकाळी घेतलीस वाटतं."

टपरी हसली. त्या दिवसापासून गावानं त्याला पाणमांजऱ्या म्हणायला सुरुवात केली. तो पुन्हा माझ्याकडं आला नाही. काही वर्षांनी वारला. तोवर दौंडच्या काठचं रान वीटभट्ट्यांच्या आणि वाळूच्या गाड्यांच्या वाटेत जाऊन संपलं होतं. त्याला अडवायला कागदावर काही आधार नव्हता. काठावर कोणतंच दुर्मिळ जनावर नाही असं आम्ही दोघांनीच लिहून ठेवलेलं.

आता मी शिक्रापूरला मुलाकडं राहतो. तो रांजणगावला कंपनीत आहे. गेल्या हिवाळ्यात त्याच्या मोबाइलवर आलेली एक बातमी त्यानं मला वाचून दाखवली. नदीकाठच्या रानांतल्या दुर्मिळ जनावरांची पाहणी चालू आहे, जिथं काही सापडेल तो काठ राखला जाईल. खाली गावांची यादी होती. माझा काठ यादीत नव्हता. आणि शिरूरच्या अंगाला उरलेल्या त्या रानपट्टीवर आता घाट आणि बगीचा होणार, झाडांवर खुणासुद्धा झाल्यात, हे मला आधीच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी शिरूर गाठलं. पाहणीचं काम एक तरुण बाई बघत होत्या. पुण्यात शिकलेल्या, पायात गमबूट, हातात नकाशा. मला वाटलं होतं त्यापेक्षा पटकन त्यांनी खुर्ची दिली.

"काका, तो भाग आम्ही गाळलाय," त्या म्हणाल्या. "जुनं रेकॉर्ड पाहिलं. इतकी वर्षं एकही नोंद नाही. आमच्याकडं माणसं थोडी, दिवस थोडे. जिथं आशा आहे तिथंच जातो."

"ते रेकॉर्ड खोटं आहे."

"कशावरून?"

"मीच लिहिलंय."

त्यांनी नकाशा खाली ठेवला. मी सगळं सांगितलं, पाच जनावरांपासून टपरीपर्यंत. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "लेखी द्याल?" आणि कोरा कागद पुढं सरकवला. मी सही केली. नोकरीतल्या सगळ्या सह्यांत ती एक सही करताना हात हलका वाटला.

"पण यानं फक्त निरंक खोडलं जाईल," त्या म्हणाल्या. "आहे असं लिहायला मला खूण पाहिजे. विष्ठा, पाऊल, बीळ, काहीतरी. आजची दुपार आणि उद्याची सकाळ, एवढंच देऊ शकते. परवा सकाळी अहवाल पाठवायचाय."

मी बाहेर येऊन दौंडच्या जुन्या गार्डाला फोन लावला. तो आता मळ्यात राहतो. गुडघे गेलेत, आवाज तसाच.

"काय रं, पाणमांजरं?" तो म्हणाला. "ती तुझ्याकडची व्हती."

"तुझ्याकडची होती."

"बरं बाबा, माझ्याकडची. आता काय करायचं बोल."

"खरं सांगायचंय."

त्यानं मळ्यातली मोटार बंद केल्याचं फोनवर ऐकू आलं. मग म्हणाला, "येतो. नातवाची गाडी घिऊन येतो. माझंबी निरंक हाय त्यात."

त्या दुपारी आम्ही तिघं काठ तुडवत फिरलो. मी बाईंना थेट वाळूच्या पट्ट्यावर घेऊन गेलो, जिथं मी पाच पाहिली होती. पट्टा नव्हता. वाळू कधीच उपसून गेलेली. तिथं आता खोल डोह आणि वर जलपर्णीची हिरवी गादी. आम्ही झाडांची मुळं पाहिली, चिखल पाहिला. कुत्र्याची पावलं, बगळ्याची पावलं, प्लास्टिक. बाईंनी प्रत्येक तुकड्यापुढं वहीत बारीक फुली मारली. सूर्य कलला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपण खोटं लिहिलं होतं ते आता खरं झालं असेल.

"अजून एक घर आहे," मी म्हणालो. ते घर मी मुद्दाम शेवटपर्यंत टाळलं होतं.

त्या मासेवाल्याची बायको अंगणात जाळं विणत बसली होती. माझ्याच वयाची. अजूनही दिराबरोबर होडी घेऊन पाण्यात जाते. मला पाहून ती उठली नाही.

"या गार्डसाब. रजिस्टर आणलंय का?"

"नाही वहिनी. आज मी चूक कबूल करायला आलोय. पाणमांजरं होती. मी पाहिली होती. तुमचे मालक खरं बोलत होते."

"ते मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मला कशाला सांगताय? मी हसले व्हते का?"

मी अंगणाच्या कडेला खाली बसलो.

"हसली ती टपरी. तिथं जाऊन बोला. माझ्या अंगणात काय, कोणीबी शहाणं व्हतंय."

"जातो. पण आधी एवढं सांगा, ती अजून आहेत का? उद्या सकाळपर्यंतच वेळ आहे."

"आधी टपरी," ती म्हणाली आणि परत जाळ्याला लागली.

पाहणीवाल्या बाईंनी माझ्याकडं पाहिलं. दौंडवाला म्हणाला, "चल बाबा. बाईचं म्हणणं रास्त हाय."

संध्याकाळची वेळ, टपरी भरलेली. कंपनीतून सुटलेली पोरं, दूध घालून आलेली माणसं. तेव्हाचे दोघंतिघं म्हातारे अजून त्याच बाकावर. मी उभा राहिलो आणि सकाळी दिलेल्या जबाबाची प्रत मोठ्यानं वाचली. हातात पुरावा एकही नव्हता. पुरावा सापडल्यावर वाचणं सोपं होतं, हे जाळं विणणाऱ्या त्या बाईला माझ्याआधी कळलेलं.

"म्हंजी आबा, तुम्ही तवा काय झोपला व्हता व्हय?" एका पोरानं विचारलं.

"झोपलो नव्हतो. चांगला जागा होतो, आणि खोटं लिहिलं."

"पेन्शन बंद करतील हां," दुसरा म्हणाला. थोडं हसू झालं. हसू माझ्यावर होतं, आणि ते योग्य जागी आलं होतं. मग बाकावरचा एक म्हातारा माझ्याकडं न बघता म्हणाला, "त्याला पाणमांजऱ्या नाव मीच ठिवलं व्हतं." पुढं कोणी हसलं नाही.

दौंडवाल्यानं गुडघा धरत उठून सांगितलं, "आन् पलीकडच्या काठाचं निरंक माझं. लिवून घ्या कुणी."

रस्त्याच्या पलीकडं मासेवाल्याची बायको उभी होती. केव्हा आली मला माहीत नाही. "चला," ती म्हणाली. "जाळं दावते."

तिनं माळ्यावरून एक गाठोडं काढलं. त्यात जाळ्याच्या जुन्या पट्ट्या होत्या, एकीवर एक घडी घातलेल्या, आणि त्यांवर तिनं अंगणातलं सध्याचं जाळं आणून ठेवलं. पांढऱ्या जाळ्यात जागोजाग ठिगळं. काही पांढऱ्या दोऱ्याची, काही लाल.

"फांदीला अडकून फाटलं तर लांबडं फाटतंय," ती म्हणाली. "ते पांढऱ्यानं शिवायचं. पाणमांजर मासा तोडून नेतंय, तवा गोल भोक पडतंय, माशाचं डोकं जाळ्यात ऱ्हातंय. ते लाल दोऱ्यानं. त्यांनीच सांगितलं व्हतं, लाल शिव. गार्ड परत इचारील तवा दावू. तुम्ही काय इचारलं न्हाई. ते गेलं तरी मी लालच शिवत ऱ्हायले. जाळं जुनं झालं की लाल पट्टी कापून ठिवायची."

माझ्या रजिस्टरात जितकी वर्षं निरंक होतं तितकी वर्षं या घरात लाल दोरा होता. मी एक पट्टी हातात घेतली. सुबक, बारीक गाठी. कोणीतरी नोंद ठेवावी तर अशी.

पाहणीवाल्या बाई मात्र खाली बसून भराभर विचारत होत्या. "मावशी, जाळं कुठं लावता?"

"एकाच जागंला. हे टोक वाळुंजाला बांधायचं, ते टोक पाण्यातल्या काळ्या दगडाला."

बाईंनी जाळं अंगणभर पसरलं आणि टेप धरली. वाळुंजाच्या टोकाकडं एकही लाल ठिगळ नव्हतं. मधे एखाददुसरं. दगडाच्या टोकाला जाळं नुसतं लाल झालं होतं, आणि शेवटचे दोन डाग इतके ताजे की दोऱ्याचा रंगही उतरला नव्हता.

"हे कधीचं?"

"मागल्या बाजाराच्या आधीचं."

"काका," बाई म्हणाल्या, "आपण दुपारभर नदीच्या चुकीच्या वाकणात होतो. हा नकाशाच आहे!" त्यांनी जाळ्याचे फोटो काढायला सुरुवात केली तेव्हा तिनं पदर नीट केला, जाळ्याचा फोटो असला तरी.

सकाळी उजाडताना आम्ही पत्र्याच्या होडीत बसलो. वल्हं तिच्या हातात. दौंडवाला हट्टानं आपल्या जुन्या काठानं चालत निघाला, मोबाइल कानाला लावून. काळ्या दगडाच्या मागं नदी वळते आणि तिथं शिरूरच्या काठचं रान खाली पाण्यापर्यंत उतरतं. पुराचा कचरा फांद्यांना तसाच अडकलेला. करंजांच्या बुंध्यांवर घाटासाठी केलेल्या खुणा मला होडीतूनही दिसत होत्या.

दगडाला होडी लागली आणि बाई वर चढल्या. गुडघ्यावर बसल्या, वाकून वास घेतला, आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या, "काका, या! या ना!"

दगडाच्या सपाट माथ्यावर काळसर विष्ठेचे ढीग होते, जुने सुकलेले आणि नवे ओले. त्यात माशांचे खवले चकाकत होते, खेकड्याच्या कवचाचे तुकडे होते. बाजूच्या ओल्या गाळात पाऊल, पाच बोटांचं, बोटांमधल्या पडद्याच्या पुसट रेघेसकट. बाईंनी पट्टी ठेवून मोजलं. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं हसू, आणि ते थांबेना.

"गप ऱ्हावा," होडीतून ती म्हणाली. "त्या उंबराकडं बघा."

उंबराच्या मुळांतून एक चपटं डोकं पाण्यात उतरलं. मग दुसरं. मग दोन एकदम, त्यातलं एक छोटं. त्यांनी शिट्टीसारखा बारीक आवाज केला आणि पाण्यावर चार रेघा ओढत ती आमच्यासमोरून नदी ओलांडू लागली. एकाच्या तोंडात मासा होता. कॅमेरा टक टक टक करत होता. खिशातला मोबाइल वाजला.

"तुझ्याकडून निघाली का रं?" दौंडवाला ओरडत होता. त्याचा आवाज फोनमधूनही येत होता आणि पाण्यावरूनही. "माझ्याकडं आली! चार! आपल्या दोघांचीबी लिही!"

मधली हद्द त्यांनी केव्हा ओलांडली ते कोणाला कळलं नाही.

मी वळून तिच्याकडं पाहिलं. तिनं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं होतं आणि ती पाण्याकडं बघत होती. "रोज बघते," ती म्हणाली. "पण आज लोकं संगं हायेत."

अहवाल त्याच दुपारी तयार झाला. जाळ्याच्या पट्ट्यांचे फोटो जुन्या नोंदी म्हणून जोडले. प्रथम कोणी पाहिलं, असा एक रकाना त्यात होता. बाईंनी पेन माझ्या हातात दिलं, आणि मी माझ्या सुबक अक्षरात त्या मासेवाल्याचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. पुढच्या महिन्यात घाटाचा आराखडा गावाच्या वरच्या अंगाला, जिथं आधीच कातळ उघडा आहे, तिकडं सरकला. झाडांवरच्या खुणा अजून आहेत, झाडंही आहेत. टपरीवर आता पाणमांजऱ्या हा शब्द निघतो तेव्हा त्याच्या मागं आप्पा लावतात.

त्या दुपारी अहवाल लिहून झाल्यावर मी तिला सांगायला गेलो. ती नवं भोक लाल दोऱ्यानं शिवत होती.

"किती लिवलं?"

"चार."

"पाच हायेत. एक बिळातच ऱ्हातंय, उशिरा निघतंय."

माझा हात नकळत खिशातल्या पेनाकडं गेला. तिनं ते पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या पेन," ती म्हणाली. "आदी बघा, मंग लिवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी दगडावर जाऊन बसलो. ऊन उंबरावर चढेपर्यंत तिथंच होतो. पाचवं बाहेर आलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पोटभर पाहिलं, आणि मग पाच लिहिलं.